हँडहेल्ड जीपीएस घ्यावं का? सह्याद्रीत आणि यॉर्कशायरमध्ये वापरलेल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की कामानिमित्त दोन वर्षं इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या लीड्सला जायचंय, तिथं वीकेंडला डोंगरात चालायला आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसवरून लपवलेले डबे शोधायचा खेळ, खेळायला हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचं वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं की मोबाईल पुरे, आणि परत आल्यावर ते सह्याद्रीत कामाला येईल की कपाटात पडून राहील.

मी स्वतः लीड्सला सहा वर्षं काढली, आता पुण्यात आहे, आणि या काळात तीन युनिटं वापरली. पहिलं गार्मिन कंपनीचं पिवळं ईट्रेक्स, ब्लॅक अँड व्हाईट स्क्रीनचं, मग ईट्रेक्स ३०, आता ३२एक्स. त्यामुळं दोन्हीकडचं सांगतो, पण आधी एक खरं सांगून टाकतो की नुसता शौक म्हणून विचारत असाल तर मोबाईलवर सुरू करा. मोबाईलमधलं जीपीएस हल्ली झकास असतं, फ्लाइट मोडवर टाकलात तरी चालतं कारण सॅटेलाइटचा सिग्नल फक्त ऐकायचा असतो, त्याला सिम लागत नाही की नेटवर्क लागत नाही, नकाशा आधी डाउनलोड केलेला असला की झालं. लोकांना अजून वाटतं की रेंज गेली की जीपीएस गेलं. रेंज गेली की जातो तो ऑनलाइन नकाशा, जीपीएस नाही.

मग वेगळं यंत्र कशाला? पाऊस. ज्यांनी जुलैत राजगडावर ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालवायचा प्रयत्न केलाय त्यांना पुढं काही सांगायला नको. बटणांचं युनिट पावसात, हातमोजे घालून, चिखलाच्या हातानं चालतं, उन्हात स्क्रीन उलट जास्त छान दिसतो, पडलं तर फार तर ओरखडा उठतो आणि सेल संपले तर खिशातले दुसरे दोन घातले की पुन्हा वीस-पंचवीस तास निवांत. आणि मुख्य म्हणजे तुमचा फोन फोन म्हणून शिल्लक राहतो. यॉर्कशायरमध्ये जानेवारीत चारच्या सुमारास अंधार पडतो आणि थंडीनं फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम मान टाकते, हे मी लीड्सजवळच्या इल्कली मूर नावाच्या माळावर दोनदा अनुभवलंय. तिथं डोंगरात अडकलात तर ९९९ ला फोन करून आधी पोलिस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं असतं, तो फोन करायला बॅटरी हवी की नाही?

आता सह्याद्रीतली गोष्ट सांगतो, कारण माझं या यंत्राबद्दलचं मत तिथं बनलं. सप्टेंबरात आम्ही चौघं आहुप्याहून भीमाशंकरला निघालो होतो. त्या भागात जंगल दाट, वर धुकं असं की दहा पावलांवरचा माणूस दिसेना, आणि ढोरवाटा इतक्या की खरी पायवाट कुठली हे गुरांनाच माहीत. एका मोठ्या हिरड्याच्या झाडाखाली आम्ही थांबून पाणी प्यायलो, पुढं निघालो, पाऊण तास बऱ्यापैकी वेगात चाललो आणि परत एका मोठ्या हिरड्याखाली आलो. खाली आमच्याच चिक्कीचा कागद! आमच्यातला एक जण गावाकडचा, तो हळूच म्हणाला चकवा लागला, आता बूट काढून उलटे घाला. आम्ही हसलो पण खरं सांगायचं तर कुणाच्याच पोटात बरं वाटत नव्हतं. मी युनिट काढून ट्रॅक, म्हणजे चाललो त्या वाटेची नोंदलेली रेषा, बघितला तर स्क्रीनवर चक्क एक कैरी काढलेली. देठापासून निघून डावीकडं वळत वळत परत देठाला. चकवा कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं, आजीला दाखवायला हवं होतं. प्रत्येक फाट्यावर आम्ही नकळत जरा उताराची, जरा मोकळी, म्हणजे डावीकडचीच वाट घेतली होती, बस एवढंच. मग आलेल्या रेषेवरून मागं जात कैरीचा गोल जिथं वळायला लागला होता त्या फाट्याला आलो, उजवीकडची झाडीत घुसणारी वाट धरली आणि दुपारी उशिरा का होईना भीमाशंकरला पोचलो.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की या यंत्राचा खरा उपयोग कुठं जायचं हे दाखवण्यात नाही, कुठून आलात हे दाखवण्यात आहे. घरातून निघाल्यावर नाही, चालायला जिथून सुरुवात करता तिथं जुना ट्रॅक साफ करून नवीन सुरू करा आणि गाडी लावली ती जागा, फाटे, पाण्याचं टाकं, शेवटचं घर असे पॉइंट मार्क करत जा. नावं द्यायला बटणांवर वेळ लागतो म्हणून लोक ००१, ००२ असंच ठेवतात आणि संध्याकाळी ००७ म्हणजे टाकं की फाटा हे आठवत नाही. निदान एक अक्षर तरी टाका, फाट्याला एफ, पाण्याला डब्ल्यू. परत यायचं तर ट्रॅकबॅक म्हणजे आलेला ट्रॅक उलटा करून त्यावरून चालायचं.

आणि जायला दुसऱ्या कुणाचा ट्रॅक जीपीएक्स फाइल म्हणून नेटवरून घेतलात तर तो कुठल्या महिन्यातला आहे ते आधी बघा. फेब्रुवारीत नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, उतरलेल्या माणसाचा ट्रॅक ऑगस्टमध्ये धरलात तर त्या नाळेत धबधबा असतो. ऑक्टोबरात गवत आणि कारवी डोक्यावर असते, रेषा म्हणते वाट इथंच आहे आणि पायाखाली काही म्हणजे काही दिसत नाही. त्यातून अशा ट्रॅकमध्ये तो माणूस चुकला तेही सगळं रेकॉर्ड झालेलं असतं. रेषा मध्येच कड्यापर्यंत जाऊन परत आलेली दिसली की समजावं, बिचारा तिथून मागं फिरलाय.

बाणाचंही तसंच. पॉइंट निवडून गो दाबलं की यंत्र सरळ रेषेतलं अंतर आणि दिशा दाखवतं. सह्याद्रीत ३०० मीटर म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये, ३०० मीटर समोर की ३०० मीटर खाली? हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहून खालच्या गावाचा पॉइंट लावून बघा एकदा, बाण तुम्हाला शांतपणे हवेत चालायला सांगतो. शिवाय साध्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक कंपास नसतो, त्याची दिशा तुम्ही चालत असाल तरच खरी, थांबलात की बाण वाटेल तिकडं फिरतो, नवीन माणूस तिथंच गडबडतो आणि यंत्र खराब आहे म्हणतो. २२एक्स आणि ३२एक्स दिसायला जुळे, पण कंपास आणि हवेच्या दाबावरचा अल्टीमीटर, म्हणजे उंचीमापक, फक्त ३२एक्समध्ये आहे. मी ते जास्तीचे पैसे घाला म्हणेन, पण कंपासवालं घेतलंत तर सेल बदलल्यावर दरवेळी कॅलिब्रेट करायचं. अल्टीमीटरही माहीत असलेल्या उंचीवर जुळवून घ्यायचा, कळसूबाईच्या माथ्यावर गेलात तर १६४६ मीटर टाकून द्या. हवा बदलली की तो दुसऱ्या दिवशी परत थोडा सरकणार, त्यात नवल नाही.

नाळेत आणि घळीत सिग्नलची अपेक्षा जरा कमी ठेवा. किमान चार सॅटेलाइट दिसले तरच जागा आणि उंची नीट कळते, आणि सांधण दरीसारख्या ठिकाणी वर आभाळाची नुसती पट्टी उरते, त्यात कातळावर आपटून आलेला सिग्नल यंत्राला खरा वाटतो, मग ट्रॅक भिंतीतून आरपार गेलेला दिसतो. एकाहून जास्त फ्रिक्वेन्सीवर ऐकणारी नवीन मल्टीबँड युनिटं, म्हणजे गार्मिनचीच जीपीएसमॅप ६५ आणि त्यानंतरची, यात बरीच सुधारलीत पण महाग आहेत. ती वर दांडीसारखा अँटेना असलेली उभी धरायची, ईट्रेक्ससारखी आडवी, तोंड आभाळाकडं. बॅगेच्या तळाशी, स्टीलच्या डब्याखाली कुणीच धरू नये, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतोय.

आता एक भानगड ज्यात हुशार माणसंही फसतात. जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, तीन तऱ्हेनं लिहितात आणि जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, गूगल मॅपवरून कॉपी केलं की नुसते दशांश अंश येतात. रायगडाचं घ्या, १८.२३३५ आणि ७३.४४०६. हे मिनिटांत केलं की १८ अंश १४.०१ मिनिटं, ७३ अंश २६.४४ मिनिटं. पण घाईत कुणी दशांशानंतरचे आकडे तसेच उचलून १८ अंश २३.३५, ७३ अंश ४४.०६ असे टाकले तर यंत्र काही तक्रार करत नाही, गुपचूप तुम्हाला पस्तीसेक किलोमीटर लांब, सिंहगडाजवळ नेऊन ठेवतं! गड तोही, पण आपला नव्हे. गंमत म्हणजे सिंहगडाचे आकडे असेच टाकायला गेलात तर यंत्र घेतच नाही, कारण रेखांश ७३.७५च्या पुढं आहे आणि मिनिटं साठच्या वर जात नाहीत. म्हणून सेटिंगमध्ये पोझिशन फॉरमॅट आधी बघायचा, मग आकडे टाकायचे. याला जुळा भाऊ म्हणजे मॅप डेटम, म्हणजे नकाशाचे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मापावर बसवलेत ते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर, आपल्या भागात या दोघांत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो, धुक्यात तेवढ्यात खिंड चुकते. इंग्लंडात फॉरमॅट ब्रिटिश ग्रिड, म्हणजे तिथल्या नकाशांवरच्या चौकटींचा, ठेवा म्हणजे यंत्रावरचा आकडा थेट ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेच्या कागदी नकाशावर शोधता येतो, आणि तो १:२५००० चा नारिंगी कव्हरचा नकाशा नक्की घ्या, इतका देखणा नकाशा मी दुसरीकडं पाहिलेला नाही. कॅशचे आकडे टाकताना मात्र परत अंश-मिनिटांवर यायचं.

बरं, जिओकॅशिंग. त्यातली कॅश म्हणजे पैसे नव्हेत, माझ्या सासऱ्यांचा बरेच दिवस तोच समज होता की जावई रविवारी जंगलात पैसे शोधत फिरतो. कुणीतरी डबा लपवतो, त्याचे आकडे जिओकॅशिंगच्या साइटवर टाकतो, बाकीचे शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात, डबा होता तसा परत ठेवतात. याचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. अमेरिकेनं साध्या लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळून ठेवली होती, शंभरेक मीटर इकडंतिकडं, ती २ मे २००० ला बंद केली. एका रात्रीत सगळी यंत्रं दहा-पंधरा मीटरपर्यंत अचूक झाली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं ओरेगॉनमध्ये एक काळी बादली लपवून आकडे इंटरनेटवर टाकले, शोधा म्हणाला. तीन दिवसांत सापडली.

प्रत्येक कॅशला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, एक ते पाच. मुलीबरोबर दीड-दीडच्या पुढं सुरुवातीला जाऊ नका आणि साइज बघून निवडा. मायक्रो म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी किंवा त्याहून छोटी, त्यात नुसता कागदाचा गुंडाळा, लहान मुलांना त्यात काडीचा रस नसतो. स्मॉल किंवा रेग्युलर घ्या, त्यात खेळणी, बिल्ले, गोट्या असतात, एक घ्यायचं तर तेवढ्याच मोलाचं एक ठेवायचं. आमच्या पोरानं एकदा चार गोट्या ठेवून एक डायनोसॉर उचलला होता आणि अजून सांगतो की तो सौदा भारी झाला. छोटा आकडा कोरलेली धातूची पट्टी असेल तर ती ट्रॅव्हल बग, ती ठेवून घ्यायची नाही, पुढच्या कॅशमध्ये नेऊन सोडायची आणि साइटवर नोंद करायची. इंग्लंडात चर्च मायक्रो म्हणून एक मालिका आहे, गावोगावच्या चर्चजवळ लपवलेल्या. डबी बारकी असली तरी त्या निमित्तानं अशी गावं बघून होतात जिथं एरवी कुणी कशाला जाईल.

शोधायची पद्धत सांगतो, इथं नवखी माणसं यंत्रात डोकं घालून वेडी होतात. तुमचं यंत्र तीन-चार मीटर चुकणार, झाडाखाली दहाही, लपवणाऱ्याचंही तेवढंच चुकलेलं असणार, म्हणजे शून्य मीटर दिसलं म्हणून डबा पायाखाली नसतो. मी तर शून्य बघतच नाही. पंधरा मीटर राहिले की थांबतो, यंत्राला अर्धा मिनिट स्थिर होऊ देतो, बाण कुठं दाखवतो ते बघून ठेवतो, मग वाटेनं वीसेक पावलं बाजूला जाऊन परत बघतो, दोन रेषा जिथं छेदतात तिथं नजर लावतो आणि युनिट खिशात. त्यानंतर एकच प्रश्न, मी असतो तर इथं कुठं लपवला असता? झाडाच्या बुंध्याची पोकळी, आयव्हीच्या वेलाच्या जाळीमागं, लोखंडी बाकाखाली चुंबक लावून, दगडी कुंपणात एकच दगड जरा वेगळा, काटक्या माणसानं रचल्यासारख्या समांतर. निसर्ग काटक्या समांतर रचत नाही. तिथं नेटल नावाची झाडी असते, आपल्या खाजकुयलीची मावसबहीण म्हणा, म्हणून हात घालायच्या आधी काठी घाला आणि मुलीला फुल पँट. नाही सापडलं तर सापडलं नाही अशी प्रामाणिक नोंद करा, त्यात कमीपणा काही नाही, लागोपाठ तीन जणांनी तसं लिहिलं की मालक येऊन डबा आहे का बघतो.

भारतात हा खेळ मी फारसा चालवत नाही. कॅश इथंही आहेत, पण मोजक्या, आणि मुद्दा असा की आपल्याकडं स्टेशनजवळ, देवळाजवळ, पुलाखाली बेवारस डबा म्हणजे थेट पोलिस, आणि ते बरोबरच आहे. गडांवर काही लपवणं, दगड हलवणं तर करूच नका, संरक्षित वास्तू आहेत त्या. आणि त्यातूनही ठेवलात तर माकडं आठवड्यात उघडून आतला बिल्ला खाऊन बघतील. अर्थकॅश नावाचा प्रकार मात्र आपल्याकडं शोभण्यासारखा आहे, त्यात डबाच नसतो, भूगर्भातली एखादी गोष्ट जागेवर जाऊन बघायची आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. लोणारसारखं बेसाल्टमधलं विवर असलेल्या मुलुखात हे जास्त व्हायला हवं असं मला वाटतं.

एक गोष्ट घेतानाच लक्षात ठेवा नाहीतर परत येताना विमानतळावर महागात पडेल. काही युनिटांत सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायची सोय असते, इनरीच म्हणतात, ६६आय, ६७आय अशी नावात आय असलेली मॉडेलं त्यातली. साधं जीपीएस फक्त ऐकतं, पण ही बोलणारी यंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे, गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रासकट परदेशी पाहुणे पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. इंग्लंडात दुकानदार तुम्हाला हेच सगळ्यात भारी म्हणून दाखवणार. नको म्हणा.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, तिकडं भरपूर मिळतात. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी बुरशी आहे का बघा, यूएसबीचं रबरी झाकण जागेवर आहे का, बाजूचं रबर चिकट झालंय का, प्रत्येक बटण दाबून बघा. खूप जुन्या युनिटात तारीख वीसेक वर्षं मागची दिसली तर घाबरू नका, जीपीएसचा आठवड्यांचा काउंटर १०२४ झाले की परत शून्यावर येतो, एप्रिल २०१९ मध्ये आला, काही जुन्या यंत्रांना ते कळलं नाही. जागा मात्र ती बरोबर दाखवतात. इथून तिकडं किंवा तिकडून इकडं आणल्यावर पहिल्यांदा चालू करताना उघड्यावर पंधरा मिनिटं नुसतं ठेवा, सॅटेलाइटचं पूर्ण वेळापत्रक उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात. आणि पैसे देऊन नकाशे लगेच घेऊ नका, ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले फुकट मिळतात, मेमरी कार्डवर फाइल टाकली की झालं, इंग्लंडच्या पायवाटा त्यात उत्तम आहेत आणि सह्याद्रीच्याही बऱ्याच आल्यात.

सेल चांगल्या प्रतीचे रिचार्जेबल घ्या, चार, दोन यंत्रात दोन बॅगेत, आणि मेनूत बॅटरी टाइप बदलून ठेवा. नाहीतर यंत्र त्यांना साधे अल्कलाइन समजतं आणि बॅटरी किती उरली ते चुकीचं सांगतं, मी त्या नादात अर्धे भरलेले सेल वर्षभर बदलत होतो. हिवाळ्यासाठी लिथियमचे दोन वेगळे ठेवा, थंडीत तेच टिकतात. युनिट दोरीनं बॅगेच्या पट्ट्याला बांधा, पहिलं माझं असंच एका ओढ्यात गेलं, पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास टिकतं म्हणतात ते खरं असेलही पण ओढा ते घेऊन पुढच्या गावाला गेला त्याला काय करणार.

पहिल्या दिवशी घराजवळची सोपी कॅश निवडा, युनिट मुलीच्या गळ्यात अडकवा आणि तुम्ही मागून चाला, डबा तिलाच आधी दिसेल कारण बहुतेक लपवलेले तिच्याच उंचीवर असतात. आणि पेन न्या. डब्यात वही असते, पेन नसतं.